कोल्हारच्या वाटेवर पडलेलं विमान

१९७१ साल. मी बासष्ट वर्षांचा होतो. शेवगावहून कोल्हारला लेकीकडे निघालो, तिला द्यायचा खोंड (तरणा बैल) बैलगाडीमागं बांधून. थोरला मुलगा म्हणाला, एस.टी.नं जा, खोंड टेम्पोनं धाडू. मी ऐकलं नाही. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण जनावरातलं मला कुणी शिकवू नये.

सोबत मेहुणा नामदेव होता. पहिला मुक्काम नेवाशाच्या अलीकडे, एका विहिरीवर. भाकरी, लसणाची चटणी, कांदा. तिथून पुढं रान पालटलं. आमच्याकडं कोरडी काळी, इकडं पाटाचं पाणी आणि नजर जाईल तिथवर ऊस. खोंडाला वाटेत दोनदा उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) मिळालं, तर तो पुढं चालेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोल्हार कोसभर राहिलं, तेव्हा वर एक लहान विमान दिसलं. आवाज विहिरीवरच्या तेलाच्या इंजिनासारखा. तो बारीक झाला, दोनदा खोकला आणि थांबला.

"दाजी, तेल संपलं का काय त्याचं?" नामदेव म्हणाला.

"तेल न्हाई. दम गेला."

विमान खाली खाली आलं, बांधाला घासलं आणि ज्वारी काढलेल्या रानात आपटून एक पंख मोडून बसलं. आम्ही धावलो. चालवणारा एकटाच होता, तिशीतला. स्वतःच सरपटत दहा हात बाहेर आला होता आणि पालथा पडला होता. बुटाचं टोक ढेकळात हलत होतं.

"थांबा," तो म्हणाला. "हात लावू नका."

आमच्याकडं पडलेला बैल पडून राहू देत नाहीत. पडून राहिला की त्याचे पाय जातात, म्हणून दोघं-तिघं मिळून लगेच उभा करतात. मी त्या माणसाच्या काखेत हात घातले.

"दाजी, तो थांबा म्हणतोय."

"बैल बी उठताना कुरकुर करतोच. तू धर तिकडून."

उभा केला. तो ओरडला, आणि त्याचे पाय रिकाम्या पोत्यासारखे खाली लोंबले. मग तो बेशुद्ध झाला.

कुणाच्या तरी ट्रॅक्टरनं कोल्हारच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही पोचलात तेव्हा पाय हलत होते का? कुणी उभं केलं याला?"

नामदेव माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणालो, "आमी गेलो तवा असाच हुता."

लेकीकडे पिठलं-भाकरी वाढली होती. ओसरीवर माणसं जमली. व्याही कौतुकानं सांगत होते, "ह्या वयात इमानवाल्याला वाचवला आमच्या पावण्यांनी." खोंडाच्या पाठीवरून हात फिरवत मी बाहेरच उभा राहिलो. नामदेव जेवला आणि त्यानं आपलं अंथरूण माझ्यापासून लांब, गाडीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच चालत दवाखान्यात गेलो. तो जागा होता, कमरेपासून खाली चादर जराही हलत नव्हती. मला ओळखून त्यानं तोंड भिंतीकडं केलं. मी डॉक्टरांना तिथंच बोलावलं.

"ह्यो सरपटत आल्ता. पाय हलत हुते. थांबा म्हणत हुता. म्या ऐकलं न्हाई, म्या उभा केला."

डॉक्टर कागदावर लिहू लागले.

"माझं नाव बी लिवा," मी म्हणालो, आणि त्याच्या खाटेपाशी उभा राहून नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं.