शालूआत्या आणि माझं डोकं

बाळंतिणीच्या डोक्याला रुमाल बांधताना शालूआत्या एक गुडघा पलंगावर रोवायच्या. गाठ बसली की रुमालाखाली बोट घालून बघायच्या. बोट शिरलं तर गाठ सोडून पुन्हा बांधायच्या. "वारा शिरता डोक्यात," म्हणायच्या. माझ्या डोक्यात त्या दिवसांत वाराच काय, साधा विचारही शिरला नाही.

त्या माझ्या नवऱ्याच्या आत्या. मूळच्या देवगडकडच्या, लग्नानंतर कायमच्या घाटकोपरच्या. मला सासूबाई नव्हत्या आणि माझी आई गुडघ्याच्या ऑपरेशनने अंथरुणावर होती, म्हणून माझ्या बाळंतपणाला आत्याच आमच्या बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये दाखल झाल्या. घराण्यातल्या निम्म्या पोरांना पहिली आंघोळ त्यांनीच घातलेली, तेव्हा बोलायची कोणाची छाती? आल्या आल्या एसी बंद झाला आणि माझं पाणी वाटीवर आलं, तेही बाळंतशेपा घालून उकळलेलं. जास्त पाणी प्यायलं की बाळंतिणीचं पोट सुटतं, यावर त्यांचा ठाम विश्वास.

मुलगी आठवड्याची झाली आणि माझी डोकेदुखी सुरू झाली. पाजायला बसले की कपाळापासून मानेपर्यंत ठणका. गोळी घ्यावी तर ती दुधातून हिच्या पोटात जाईल ही भीती. आत्या दारातूनच विचारायच्या, "काय गो, इली काय तुझी पावणी?" मी मान हलवली की त्या थेट डोकेदुखीलाच दटावायच्या, "बस भायर. पोराचा पोट भरल्याशिवाय आत येव नको." मला हसू यायचं आणि हसल्यावर डोकं आणखी दुखायचं. मग आत्या कोमट खोबरेल तेलाने कपाळ चोळून द्यायच्या. फार बरं वाटायचं. आणि शेवटी रुमाल आणखी घट्ट बांधायच्या.

एका दुपारी माझा धीर सुटला. मला मनापासून तिला अंगावर पाजायचं होतं, पण त्या ठणक्यापुढे काही सुचेना. रडत रडत नवऱ्याला, नितीनला म्हटलं, "पावडरचा डबा आण. मला नाही जमत." त्याने बिचाऱ्याने आणला. आत्यांनी डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि कपाटावर ठेवून दिला. "डबो काय पळान जाता? आधी डॉक्टरणीक दाखवया."

डॉक्टरीणबाईंनी बीपी तपासलं, ते ठीक होतं. मग विचारलं, "पाणी किती पिता?" मी तोंड उघडायच्या आत आत्या अभिमानाने म्हणाल्या, "दोन वाट्या. तेसुद्धा उकळून." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मला रुमाल सोडायला लावला. कपाळावर त्याचा लाल पट्टा उमटला होता. "आजी," त्या हसत म्हणाल्या, "ही पाजते दिवसभर. तिच्या अंगात पाणीच नसेल तर कसं चालेल?" तहान लागेल तेव्हा पाणी प्या, बाळ झोपलं की झोपा, पाजताना मान लोंबकळत ठेवू नका, असं त्यांनी मला बजावलं. साधी पॅरासिटामॉल पाजतानाही चालते, ती किती घ्यायची तेही सांगितलं. दुसरी कुठली गोळी न विचारता घ्यायची नाही. डोकं असह्य दुखलं किंवा डोळ्यांना अंधुक दिसलं तर मात्र तडक निघून यायचं.

रिक्षात आत्या माझा सोडलेला रुमाल मांडीवर घेऊन त्याच्या घड्या घालत बसल्या. नितीनला राहवेना. "आत्या, वाट लागली ना तुझी?"

"गप रव."

घरी येताच त्यांनी तांब्या भरून आणला आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "पी." आता खरी वाट माझी लागली. मुलगी छातीशी घेतली रे घेतली की आत्या पेला घेऊन हजर. रुमाल नावापुरता सैल राहिला. काही दिवसांत डोकं उतरलं. अधूनमधून दुखायचं, पण तेवढ्यापुरती गोळी घेऊन मी निर्धास्त पाजत होते. कपाटावरचा डबा कोणी खाली काढला नाही. मला फार मोकळं वाटत होतं, पण आत्यांचं काहीतरी बिनसलं होतं.

एका संध्याकाळी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "रेखाक फोन लाव." रेखाताई म्हणजे त्यांची मुलगी, मुलुंडला असते. तिने महिन्याभरातच बाळाला बाटली लावली होती, आणि "आमच्या रेखाक सोसवला नाय" हे आत्यांनी प्रत्येक बारशाला चारचौघींत, तिच्यादेखत सांगितलेलं. माझ्या मांडीवर मुलगी होती, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

"रेखा, बाळंतपणात डोक्या दुखता म्हणायचंस, ता खराच दुखायचा?"

"आज काय मध्येच, आई?"

"रुमाल मीच आवळलंय, पाणी मीच तोडलंय, नि बोल मात्र तुका लावलंय. चुकला गो माझा."

"जाऊ दे ना आता. माझी पोर कॉलेजला जाते."

"जाऊंदे कॉलेजाक. डोक्या तर तुझाच होता मा?"

रेखाताईचा आवाज अगदी बारीक झाला.

"हो गं आई. खूप दुखायचं."