बायाक्काची भवानी

जेवण अंगावर आलंय. एसीची घरघर आणि बाहेरचा समुद्र, दोन्ही आवाज हळूहळू एकच होऊ लागतात. पक्षानं आम्हा सगळ्या नगरसेवकांना या रिसॉर्टवर सहलीला आणलंय. फोन जमा करून घेतलेत, फाटकावर दोन पैलवान बसवलेत, तरी सहलच म्हणायची. मतदानाआधी कुणी फुटू नये, एवढंच काय ते निसर्गप्रेम.

संध्याकाळी बस थेट नगरपालिकेच्या सभागृहाशी लागणार. ठराव एकच. चौकातला गुरुवारचा भाजीबाजार बायपासला हलवायचा आणि त्या जागी व्यापारी संकुल बांधायचं. बाजारात बसणाऱ्या बायका माझ्या वॉर्डातल्या. बायपासला त्यांच्याकडे गिऱ्हाईक काय, माश्यासुद्धा फिरकणार नाहीत. पण व्हिप निघालाय, हात खाली राहिला तर पद जातं. आमचे पुढारी बापूसाहेब कसलेले गडी. जेवणाआधी त्यांनी चक्क हात वर करण्याचा सराव घेतला. मीही केला वर. डोळे मिटताना खांदा अजून दुखतोय.

"झोपलीस व्हय गं, मंदे?"

पलंगाच्या कडेला आमच्या बाजारातली बायाक्का बसलीय. मेथीच्या जुड्या बांधतेय, पांढऱ्या चादरीवर माती सांडतेय. ती उन्हाळ्यात गेली, तिच्या मयताला मी होते, हे मला पक्कं आठवतं. तरी मी पाय आखडून तिला जागा करून देते.

"आक्का, आत कशी आलीस? फाटकावर माणसं आहेत."

"मला कोण अडीवतंय आता?"

ती जुडी पुढं सरकवते तेव्हा आम्ही बाजारात असतो. तीच चौकातली जागा, तीच पोत्यांची ओळ, फक्त खाली डांबराऐवजी वाळू आहे आणि प्रत्येक पोत्यापर्यंत पाणी येऊन माघारी जातंय. बायका पोती वर उचलतात, पुन्हा अंथरतात. कुणी माझ्याकडे बघत नाही.

बायाक्काच्या हातची भवानी झाली की दिवस चांगला जातो, असं सगळा बाजार मानायचा. सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणून प्रत्येकीला तीच हवी असायची. एकीकडून मिरच्या, दुसरीकडून कोथिंबीर, गरज नसली तरी घ्यायची बिचारी. म्हणून तर निवडणुकीच्या दिवशी मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले होते. म्हटलं, आक्का, पहिलं मत तुझं पडू दे. शाळेचं फाटक उघडायच्या आधी ती रांगेत उभी होती.

"मला वाचता येत न्हाई," बायाक्का म्हणते. आम्ही शाळेच्या खोलीत आहोत, पुठ्ठ्याच्या आडोशामागं. "बटण दाबलं ते चिन्हावर. पर डोळ्यांम्होरं तोंड तुझं हुतं."

"चिन्ह होतं म्हणून मी निवडून आले, आक्का. पक्ष नसता तर मला कोण ओळखत होतं? पक्षाशिवाय माझं ऐकणार कोण?"

"आन पक्षात कोण ऐकतंय?"

मला राग येतो. मेलेल्या माणसाला बोलायला काय जातंय.

"जल्मात कुणाची भवानी माघारी केली न्हाई मी," ती म्हणते. आवाज चढवत नाही. "सडकं निघालं तरी घरी नेलं. आज करू का?"

"नको, आक्का."

"मग?"

आडोसा नाही. सभागृह आहे. बापूसाहेब हात मोजत चाललेत, एकेका खुर्चीशी थांबून, बोट दाखवत. मी उजवा हात मांडीखाली दाबून धरते, तरी तो निघतो. आपला आपण वर जातो. मी डाव्या हातानं ओढते, खाली येत नाही. बापूसाहेब जवळ येताहेत. मला भीती वाटते, बापूसाहेबांची नाही, त्या हाताची.

बायाक्का खुर्चीमागून वाकते. जुडीची ओली सुतळी सोडवते, माझ्या मनगटाला दोन वेढे घेते, दातानं ओढून गाठ मारते. तिच्या तोंडाला चुन्याचा वास येतो.

"मोकळा हात कुनीबी वर करतंय," ती म्हणते. मोकळी झालेली मेथी माझ्या पायावर सांडते.

"वहिनी, चला. बस लागली."

दार वाजतंय. मी उठते, तोंडावर पाणी मारते, पदर सारखा करते आणि खाली येऊन बसमध्ये शेवटच्या सीटवर बसते. मग उजव्या मनगटावर काहीतरी ओलं लागतं. सुतळी आहे. दोन वेढे आणि गाठ. या रिसॉर्टवर सुतळी कुठून येणार, कुणाला विचारणार?

बस फाटकातून बाहेर पडते. बापूसाहेब ड्रायव्हरमागं उभे राहतात. "शेवटचा एकदा सराव करून घेऊ. ठराव मंजूर?"

पुढचे सगळे हात वर जातात. बापूसाहेब मोजतात, थांबतात, पुन्हा मोजतात.

"वहिनी?"

सगळ्या माना मागं वळतात. माझा हात मांडीवर आहे. मी तो हलवून बघते. हलतोय, वरही जाईल.

मी तो तिथंच ठेवते.