सुनेची खाट

"हिले माह्या सुनेले हात काऊन लावू देला?" पाटलीणबाई साऱ्या दवाखान्यावर ओरडल्या. लोट्यातलं गोमूत्र आधी सुनेच्या खाटेवर शिंपडलं. उरलेलं माझ्या तोंडावर फेकलं.

मी बुलढाण्याच्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होते. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं. परीक्षेचे कागद नागपूरहून यायचे. शिकणाऱ्या आम्ही पाच जणी. चौघी बाकावर, मी दाराशी जमिनीवर. देऊळघाटची महाराची पोर. त्या चौघी बाळंतपणं शिकायच्या. मी घाणीची भांडी धुवायची.

त्या दुपारी बाकीच्या जेवायला गेल्या होत्या. वार्डात मी एकटी. पाटलांची सून नुकतीच बाळंत झालेली. बघता बघता पांढरी पडली. चादर उचलली तर रक्ताचं थारोळं. हाका मारल्या. कोणी आलं नाही. दाराशी बसून ऐकलेलं आठवलं. तिच्या ओटीपोटावर हात ठेवला आणि जोर लावून चोळत राहिले. गर्भाची पिशवी दगडासारखी घट्ट झाली, तेव्हा कुठे रक्त थांबलं.

"मी मरून राह्यली का वो?" तिनं विचारलं.

"नाही बाई. मी आहो ना."

आपण इथं कशाला आलो, ते मला त्या घटकेला पहिल्यांदा कळलं.

बातमी पाटलांच्या घरी पोचली आणि मग सासू आली. लोटा घेऊन.

मागून मोठ्या नर्सबाई आल्या. पुण्याकडच्या. म्हणाल्या, "हात जोड. माफी माग."

मी सुनेकडे पाहिलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. गोमूत्रानं नाही, त्यानं मी मोडले. माफी मागितली. हो, मागितली. लपवत नाही.

संध्याकाळी नोंदवही पाहिली. परीक्षेला बसायला त्या नोंदी लागत. रक्त थांबवणारी म्हणून तिथं दुसऱ्याच मुलीचं नाव. ती तर जेवत होती.

"बाई, हे मी केलं."

"तुझं नाव लिहिलं तर चांगल्या घरच्या बायका इथं येतील का?"

हातातलं भांडं खाली ठेवलं. "मंग हे मी उचलनार नाही. माहं नाव लिहा, नाहीतर मले काढा."

सकाळी काढलं.

बाप म्हणाला, "माफी माग अन् वापस जाय, पोरी."

"एकदा मागतली, बाबा. थेच चुकलं."

मलकापूरला जाऊन नागपूरची गाडी धरली. तिथल्या दवाखान्यात शिकायला घेतील का, ठाऊक नव्हतं. नाही घेतलं तर दुसरं गाव. मी नर्स होणार होते. आणि जीव वाचवल्याची माफी यापुढे कोणाचीच मागणार नव्हते.