गच्चीवरच्या माशांची थंडी

माझं माहेर कोळीवाड्यातलं. आईने जन्मभर परळच्या बाजारात बसून मासळी विकली, आता भाऊ विकतो. आमच्या घरात मासा म्हटलं की बर्फ. धक्क्यावरून माल आला की आधी बर्फ फोडायचा, थर्माकोलच्या पेटीत एक थर मासळीचा, एक थर बर्फाचा, आणि वर झाकण घट्ट. उन्हाची तिरीप नुसती पेटीवर आली तरी आईचा जीव खालीवर व्हायचा. अशा घरातल्या मुलीवर पन्नाशीनंतर मासे उबेत ठेवायची वेळ आली. आई आज असती तर तिने मला भर बाजारात चार शब्द सुनावले असते.

मासे माझे नाहीत, लेकीचे. आमची लालबागची इमारत जुनी, तीन मजली, आणि आम्ही सगळ्यात वर. गच्चीवर सिमेंटची एक कमरेएवढी टाकी आहे. प्लास्टिकची नवी टाकी बसवल्यापासून ती नुसतीच पडून होती. टाळेबंदीत आम्ही सगळे घरात कोंडलो गेलो तेव्हा लेकीने ती घासून काढली, पाणी भरलं, शेजारणीकडून मागून आणलेलं कमळ त्यात सोडलं. बाजार उघडल्यावर मासे आले. थोडे गप्पी आणि काळ्याभोर मॉली. पुढे डासांची तपासणी करायला पालिकेचा माणूस आला, तेव्हा मला वाटलं हा आता टाकी रिकामी करायला लावणार. त्याने आत डोकावून गप्पी बघितले, म्हणाला, ‘चांगलंय, हे डासांची अंडी-पिल्लं खातात,’ आणि गेला. कुरकुर करणाऱ्या शेजाऱ्यांचं तोंड त्या दिवसापासून बंद झालं.

मग लेक शिकायला कॅनडाला गेली आणि शिकून तिथेच नोकरीला लागली. निघताना म्हणाली, ‘आई, माशांकडे बघशील ना?’ मी म्हटलं, ‘बघेन. तुझे बाबा ते तळून खाणार नाहीत, हेही बघेन.’ तिचे बाबा मालवणचे. त्यांचं माशांवर प्रेम आहे, पण ते ताटातल्या.

लेक रोज फोन करते ती माशांसाठी, असं मी म्हणते आणि ती चिडते. पण खरं तेच आहे. सुरुवातीला आमचे फोन कसे व्हायचे? जेवलीस का, हो. काय जेवलीस, काहीतरी. झोप होते का, हो गं. संपलं. आईचे प्रश्न मुलांना तोंडी परीक्षेसारखे वाटतात. एकदा मी सहज गच्चीवरून बोलत होते, कॅमेरा टाकीकडे वळवला आणि पोरगी एकदम सुटली. ही बघ पोट फुगलेली, हिला पिल्लं होणार. तो शेपटीवाला आळशी आहे, त्याच्यापुढे खाणं टाक. तेव्हापासून आमची सकाळ, म्हणजे तिची रात्र, टाकीच्या कठड्यावर जाते. मला तिचा आवाज हवा असतो, विषय कुठलाही चालतो. म्हणून हे मासे जगायला हवेत. ते मेले तर ती उद्या कशासाठी फोन करेल, ही माझी भीती होती आणि ती मी कुणालाही बोलून दाखवली नव्हती.

मुंबईच्या थंडीची सगळे चेष्टा करतात. जरा हवा गार झाली की आम्ही कानटोप्या काढतो, म्हणून पुण्याची माझी नणंद पोट धरून हसते. यंदा मात्र उत्तरेचा वारा आला तो मुक्कामालाच. गप्पी फिरत होते, पण मॉली टाकीच्या तळाशी कोपऱ्यात जाऊन बसल्या. एकाच जागी डुलत राहायच्या, खाणं टाकलं तरी वर येत नव्हत्या. एका सकाळी त्यांतली मोठी मॉली कुशीवर तरंगताना दिसली.

लेकीला मी सांगून टाकलं. तिने कॅमेरा टाकीकडे वळवायला सांगितला. मग म्हणाली, ‘पाणी गार पडलंय. हात घालून बघ.’

मी कोपरापर्यंत हात बुडवला. ‘मला तर काही गार लागत नाही.’

‘आई, तुझा हात कोळणीचा आहे. बर्फात वाढलेला. त्याच्यावर काय विश्वास ठेवायचा? थर्मामीटर आण.’

थर्मामीटर आणला आणि तिचंच खरं निघालं. इतके दिवस मी रोज हात घालून, ‘पाणी छान आहे,’ असं तिला बिनधास्त सांगत होते.

मग घरात उपायांना ऊत आला. आमचे हे म्हणाले, ‘अगो, एक टोप कडत पाणी ओत, झाला.’ ते ऐकून लेक तिकडून ओरडली, म्हणाली, एकदम गरम आणि परत एकदम गार झालं तर उरलेल्या मॉलीही जातील. पाणी तापवायच्या कांडीची चौकशी करायला मी दुकानात गेले. दुकानदाराने टाकीचं माप विचारलं आणि हसला. एवढ्या पाण्याला एक कांडी पुरायची नाही, उघड्यावर वायर ओढणं धोक्याचं, आणि विजेचं बिल येईल ते वेगळंच. आमचे हे म्हणाले, ‘मासे रवतले आणि तू जातलंस.’ म्हणजे मासे राहतील आणि मी जाईन. तो विषय तिथेच मिटला.

‘पाणी तापवायचंच नाही, आई,’ लेक म्हणाली. ‘दिवसा ऊन देतं तेवढी ऊब खूप झाली. ती रात्री जाऊ द्यायची नाही, बस.’ आणि मग तिने एका दमात सगळं सांगितलं. टाकी काठोकाठ भर, जास्त पाणी उशिरा गार होतं. वाऱ्याची बाजू बंद कर. काळ्या कॅनमध्ये पाणी भरून दिवसभर उन्हात ठेव, बुचं घट्ट लावून संध्याकाळी टाकीत सोड. पॅकिंगचं ते फुगे असलेलं प्लास्टिक असतं ना, ते पाण्यावर पसर, फुगे खालच्या बाजूला. वरून जाड काहीतरी झाक. श्वासाला एक फट ठेव. खाणं कमी कर. तिला हे सगळं तोंडपाठ कसं, असं माझ्या मनात आलं, पण आजकाल मुलांना मोबाइलवर सगळंच मिळतं म्हणून मी विचारलं नाही.

वाऱ्याची बाजू सोपी होती. नाक्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक जुना फ्लेक्स लोळत पडला होता, तो यांनी आणून बांधला. पुढारी हात जोडून पाण्याकडे बघत उभे राहिले. फुग्यांचं प्लास्टिक फ्रिजच्या खोक्यातलं माळ्यावर होतंच. जाड झाकणासाठी मी भावाला फोन केला, म्हटलं, पेट्यांची जुनी झाकणं दे.

‘कशाला?’

‘मासे गरम ठेवायला.’

‘ताई, तू येडी झालीस काय? थर्माकोलात आपण मासे गार ठेवतो.’

मी म्हटलं, ‘गारवा बाहेर जात नाही, तशी ऊबपण जाणार नाही. दे तू.’ त्याला पटलं की नाही कोण जाणे, पण झाकणं आली. साबणाने घासली, उन्हात वाळवली, परत घासली, तरी पहिल्या संध्याकाळी वासाने सगळ्या गल्लीतली मांजरं गच्चीवर हजर. यांना काठी घेऊन बसावं लागलं. मी झाकणं लावायला घेतली तेव्हा हातांना काही सांगावं लागलं नाही. कडेला कड भिडवायची, कोपरा दाबायचा. शेजारी आई बसली असावी असं वाटलं आणि तिची फार आठवण आली. तिला बाजारात एकटी सोडून मी शाळेत पळायचे, तशी आता माझी पोरगी लांब गेली होती.

हळूहळू मॉली वर यायला लागल्या. एक दिवस ऊन आल्यावर मी झाकणं काढली तर सगळ्या वर येऊन खाण्यासाठी तोंड उघडून उभ्या. मी फोन लावायच्या आत तिचाच आला. ती इतकी हसली की मला बरं वाटलं. ‘थांब, चार्जर लावते,’ म्हणून उठली आणि तिच्या हातातला फोन कलंडला.

रोज मला तिचा चेहरा दिसायचा आणि मागे भिंत. त्या दिवशी खोली दिसली. खिडकीच्या काचेवर फुग्यांचं प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवलेलं. दाराच्या फटीला गुंडाळी करून खोचलेला टॉवेल. अंथरुणात पंच्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. तिच्या अंगात जाड कोट होता. तो मी रोज बघत होते, मला वाटायचं आत्ताच बाहेरून आली असेल. खोली तळघरातली, हे ठाऊक होतं. तिथे हीटरची ऊब किती सोडायची ते वर राहणारा मालक ठरवतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी कठड्यावर बसले.

‘माझी बाय,’ मी म्हटलं, ‘थंडी वाजते का गं?’

एरवी ती ‘नाही गं’ म्हणाली असती. तिने कोट गळ्याशी ओढून घेतला. ‘वाजते,’ म्हणाली. ‘झोपताना जास्त.’

परत ये, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मला ती इथे हवी होती, या उन्हात, हाताला लागेल इतकी जवळ. पण तिची नोकरी नवी, तिने ती किती खटपटीने मिळवलेली, आणि मी तसं म्हटलं असतं तर उद्यापासून तिने पुन्हा ‘सगळं मस्त आहे’ सुरू केलं असतं. मी म्हटलं, ‘बाटली पायाशी घे. पाय गरम झाले की झोप लागते.’ तिने दिवा मालवला आणि अंथरुणात शिरून बाटली पायाशी घेतली. मग म्हणाली, ‘आई, लगेच ठेवू नकोस फोन. मासे दाखव.’

मी फोन टाकीच्या कडेला टेकवून ठेवला. मॉली उन्हात फिरत होत्या. ती एकदोनदा काहीतरी पुटपुटली, मग बोलायची थांबली.

थोड्या वेळाने हे चहा घेऊन वर आले. ‘काय म्हणता आमचा चेडू?’ त्यांनी नेहमीच्या मोठ्या आवाजात लेकीची चौकशी केली.

मी ओठांवर बोट ठेवलं. ‘झोपलंय.’

त्यांनी कप खाली ठेवले आणि आवाज न करता माझ्या शेजारी बसले. स्क्रीनवर नुसता अंधार होता. त्यातून तिचा श्वास ऐकू येत होता, आणि आमच्या दोघांपैकी कुणीही फोन बंद केला नाही.