बारा मुडद्यांतला होडीवाला

दुपारी बाराच्या आत रोज एक प्रकरण. लानझीनं सहा वर्षांत एकदाही खाडा केला नव्हता. चीनमधल्या यीयांग शहरातल्या जुन्या घाटाजवळ तिचं पार्सलं ठेवायचं दुकान होतं. खोकी लावता लावता ती मोबाइलवर तलवारबाजांची कादंबरी लिहायची. टोपणनाव 'हिमलांडगा'. वाचकांना वाटायचं, हा कुणी दाढीवाला, बर्फात उघडा झोपणारा गडी असणार. लानझीला पंखा जरा जोरात लागला तरी शिंका यायच्या, आणि हिमलांडगा तीच हे घाटावर कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी साडेअकरा वाजले तरी लढाई संपेना. बारा माणसं मारायची होती आणि नावं सुचेनात. आपलं नाव कादंबरीत यावं म्हणून वाचक नावं धाडतात, लेखक ती किरकोळ पात्रांना लावतो, ही या धंद्यातली रीत. लानझीनं यादीतली वरची बारा नावं आणि त्यांचे धंदे उचलले, नावापुढे कुणी काय लिहिलंय ते न वाचताच, आणि सपासप कापून काढली. बाराला दोन मिनिटं असताना प्रकरण साइटवर चढलं.

मग ती पार्सलांवरची नावं पुकारू लागली. "तान क्वेईशंग!"

पुकारल्यावर तिच्या ध्यानात आलं. हेच नाव. सातवा मुडदा, छातीत बाण.

"आलो, आलो! ओरडतेस कशाला पोरी, मेलेला उठून बसेल!" तानकाका सुपारी चघळत आत आले, मागे त्यांचा माहजोंगच्या डावातला सोबती पेंग. "बस रे. आज लढाईत माझं नाव यायचंय."

"काका, इथे नको. आवाज नीट येत नाही."

"कादंबरी रोज इथेच तर ऐकतो!"

लानझीनं टेबलाखाली यादी उघडली. काकांनी लिहिलं होतं: 'चाळीस वर्षं घाटावर होडी चालवली. पूल झाला, होडी गेली. जमलं तर पुस्तकात एकदा कुणाला तरी पलीकडे सोडू द्या.' तिनं घाईनं प्रकरण दुरुस्त करायला घेतलं. साइटवरून उत्तर आलं, बदल संध्याकाळपर्यंत दिसतील.

काकांच्या मोबाइलमधली प्रकरण वाचून दाखवणारी बाई गाडी लेट असल्याचं सांगावं तशा सुरात वाचत होती. "तान क्वेईशंग या होडीवाल्याच्या छातीत बाण घुसला. तो पडला. त्यानंतर लोहार..."

"झालं?" पेंग खो खो हसला. "तोंड उघडायच्या आत आटोपलास! बायकोपुढे असतोस अगदी तस्सा!"

काकांनी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. "माझ्या मागे नायक असणार. तो बाण कुणीतरी घ्यायला हवाच होता."

"नायक डोंगरावर होता की!"

"बाण वळतात. तुला काय कळतंय?"

पण सुपारी चघळायची थांबली होती. पार्सल तसंच टेबलावर टाकून ते निघून गेले. लानझीला वाटलं, तो बाण आपण हातानं दाबून बसवलाय.

दुरुस्ती तिनं रद्द केली. काकांनी ऐकायचं ते ऐकून झालं होतं. 'माझ्या पुस्तकात मेलेला परत येत नाही' अशी फुशारकीही तिनंच मारलेली. दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणात दहा हजारांचं सैन्य नदीपाशी येऊन अडलं. काठाला होड्या होत्या, पण मधला भोवरा कुठून चुकवायचा ते कुणालाच माहीत नव्हतं. नायक रणांगणावर परत गेला. मुडदे उलथेपालथे करून त्यानं होडीवाला शोधला, त्याचं तोंड धुतलं, त्याला त्याच्या होडीत बसवलं. होडी सवयीनं भोवऱ्याला वळसा घालून पलीकडे गेली. तिच्या मागोमाग बाकीच्या होड्यांतून सगळं सैन्य.

'लांडग्या, पानं भरायला पाणी घालतोयस! मुडद्यावर अख्खं प्रकरण?' वाचक खवळले.

काका मात्र धापा टाकत आले. "ऐकलंस, पोरी? आधीपासून ठरवलेलं त्या लांडग्यानं! म्हणून तर काल मला मारलं. हा माणूस एकेक नाव पारखून घेतो बघ!"

"दहा हजार माणसं नेली म्हणे यानं, आणि भाडं कुणाकडूनच नाही," पेंग म्हणाला.

काका इतके हसले की डोळे पुसावे लागले. लानझीच्या ओठांवर आलं होतं: काका, मी वाचलंसुद्धा नव्हतं. पण त्या चेहऱ्यापुढे ते बाहेर पडेना.

"तुमचं कालचं पार्सल राहिलंय," एवढंच ती म्हणाली.

दोघं गेल्यावर तिनं यादी उघडली. उद्याच्या प्रकरणाचा एक शब्दही झाला नव्हता. अजून अकरा नावं उरली होती. तिनं स्टूल ओढलं आणि लोहाराच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचायला घेतलं.