विजूताईचे हातमोजे

फोनवर भाऊजींनी आधी ओजसचंच सांगितलं. "लवकर ये वं. तो कोणाले तिच्याजवळ येऊ देऊन नाही राहिला." मला वाटलं, नेहमीसारखं काही बिनसलं असेल. "मग ताईले द्या ना फोन," मी म्हटलं. तेव्हा ते रडायलाच लागले... काटोलहून नागपूरला येईपर्यंत बसमध्ये माझ्या डोक्यात एकच, ताई गेली, आता या पोराचं काय? सख्ख्या बहिणीसाठी धड रडूही दिलं नाही त्या विचारानं. याचा मला अजून राग येतो.

ओजस, विजूताईचा एकुलता एक, एकोणीस वर्षांचा. ऑटिझम आहे, बुद्धीची वाढही कमी, बोलत नाही. कुकरची शिट्टी झाली, घरात माणसं वाढली, रोजचा क्रम मोडला की तो भिंतीवर डोकं आपटतो, अडवेल त्याला चावतो. अडवणारी एकटी ताईच. उन्हाळ्यात इथल्या गाडीवाल्या बाया तोंडाला स्कार्फ आणि लांब हातमोजे घालतातच, त्यामुळे तिचे मोजे कोणाच्या नजरेत आले नाहीत. पण ही बाई भर थंडीतल्या लग्नातही ते घालून आली! "काय वं ताई, ऊन काय तुयावरच पडून राहिलं?" मी चेष्टा केली. ती हसली. मग हात धुवायला तिनं मोजे काढले, आणि मनगटापासून कोपरापर्यंत दातांचे वण दिसले.

"तो मारून नाही राहिला वं, सांगून राहिला," ती म्हणाली. "आपल्यालेच समजत नाही."

रोज संध्याकाळी ती त्याला स्कूटरवर मागे बसवून चक्कर मारून आणायची. वारा लागला की तो निवायचा, तिच्या पाठीला गाल लावून गुणगुणायचा. "तुयामागं याचं कसं होईन?" असं मी एकदा विचारलंच. "मरायले फुरसत कुठं आहे मले?" म्हणाली, आणि मोजे चढवून निघाली.

ताईला जाऊन महिना होत आला. भाऊजींना कळमेश्वरच्या कारखान्यात शिफ्टला जावंच लागतं, म्हणून मी इथेच आहे. अशा मुलांच्या एका निवासी संस्थेत भाऊजी आणि मी जाऊन आलो. तिथल्या बाईंनी आपुलकीनं सगळं विचारलं, शेवटी म्हणाल्या, "चावते काय?" आम्ही खरं सांगितलं. त्यांनी चहा दिला, जागा दिली नाही. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही.

संध्याकाळ झाली की ओजस खुंटीवरचे ताईचे हातमोजे काढून माझ्या मांडीवर आणून ठेवतो. मी ते घातल्याशिवाय तो हलत नाही. मग मला हाताला धरून अंगणात नेतो, स्कूटरवर पुढे बसवतो, स्वतः मागे बसतो आणि माझ्या पाठीला गाल लावतो. मला स्कूटर चालवता येत नाही, हे त्याला कसं सांगू? उभ्या गाडीचं हँडल धरून मी बसून राहते. तो गुणगुणत असतो... थोड्या वेळानं गुणगुणणं थांबतं, आणि मी मोजे कोपरापर्यंत ओढून घेते.