वावटळीत नाव घ्यायचं नाही

ठमी कुणाच्या बापाला भीत नसे. मुकादम आवाज चढवायला लागला की ही कंबरेवर हात ठेवून उभी! पण वावटळ उठली की तीच बाई पांढरीफटक पडायची. डोंगरातली नाचणी झोडून झाली की ती दरसाल लेकीला, तानीला, घेऊन तारापूरला बांधकामावर माती वाहायला यायची. माझा नवरा तिथेच फिटर. आमच्या खोलीला लागून तिची झोपडी होती. ही गोष्ट सहासष्ट सालची.

"वावटळीत बालंतपनात मेलेली बाई फिरते," ठमी सांगायची. "जमीन खनली का ती उठते. तवा कोनाचं नाव घेऊ नको, बाई. नाव ऐकलं का त्याला घेऊन जाते."

"अगं, कसली बाई नि कसलं काय! जमीन तापते, हवा वर जाते, बाजूची हवा तिथे घुसते नि गरगरते. बांधकामावरचे साहेबच सांगत होते." मी मोठी शहाणी!

वैशाखातली दुपार होती. आम्ही दोघी पाण्याच्या टाकीवर भांडी घासत होतो. समोरच्या माळावर धूळ फिरू लागली आणि बघता बघता ताडाएवढी झाली. शेडचा एक पत्रा कागदासारखा वर उचलला गेला. त्याच शेडखाली सहा वर्षांची तानी आमच्याकडे पाठ करून शिंपले मांडत बसली होती.

ठमी धावत सुटली, तोंडात पदर कोंबून! एक शब्द नाही. अंतर केवढं! ती पोचणार नव्हती, मला दिसत होतं. मी घासायचं भांडं हातात धरून जागच्या जागी उभी होते. पत्रा तानीच्या डोक्यावर गिरक्या घेत होता. तेवढ्यात ठमीने पदर ओढून काढला आणि किंचाळली, "तानीऽऽ! पळ!"

पोर दचकून उठली आणि आईकडे धावली. पत्रा दाणकन शिंपल्यांवर आदळला.

वावटळ विरली, पण ठमी सावरली नाही. "मीच पोरीचं नाव दिलं त्या वावटळीतलीला, बाई, मीच दिलं," एवढंच बडबडायची. त्या दिवसापासून तिने लेकीचं नाव भागी ठेवलं. चुकून कुणी तानी म्हटलं की अंगावर धावून जायची. जरा वारा सुटला की पोरीला दोरीने स्वतःच्या कंबरेला बांधायची.

शेवटी मी समजूत घालायला बसले. "अगं, तापलेली हवा ती. तिला कुठले कान?"

ठमीने माझ्याकडे वळून विचारलं, "तुमाला ठावं व्हतं ना, बाई? मंग तुमी का नाय हाक मारली?"

खरं सांगते, मलाही वाटलं होतं, वावटळीतली ती बाई ऐकेल.